र. धों. कर्वे आणि घरात शिरलेला गुप्तरोग

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव माहीत नाही असा मराठी विद्यार्थी सापडणे कठीण. विधवांसाठी त्यांनी हिंगण्यास काढलेला आश्रम, १९१६ साली स्थापन केलेले महिला विद्यापीठ, १९५८ साली वयाची शंभरी गाठताना मिळालेली भारतरत्न ही पदवी, हे सारे आपण शालेय पुस्तकांतून वाचलेले असते. परंतु त्यांच्या थोरल्या चिरंजीवांचे नाव निघाले की बोलणारा आवाज थोडा खाली आणतो. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी संततिनियमनाचा प्रचार केला एवढे बहुतेकांस ठाऊक असते. पण त्याच जोडीने त्यांनी आणखी एक विषय हाती घेतला होता, आणि तो आजही आपल्याकडे उघडपणे बोलला जात नाही. तो विषय म्हणजे गुप्तरोग आणि त्या रोगांची घरातल्या स्त्रीला भोगावी लागणारी शिक्षा. प्रस्तुत लेखात रघुनाथरावांचे चरित्र मुख्यतः या बाजूने पाहावयाचे आहे.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरूड येथे झाला. आई राधाबाई. वडील तेव्हा शिक्षण आणि शिकवण्या यांच्या ओढाताणीत होते. १८९१ साली राधाबाई बाळंतपणात वारल्या. त्या वेळी रघुनाथ अवघा नऊ वर्षांचा होता. दोन वर्षांनी, १८९३ साली, अण्णांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि त्याबद्दल गावाचा बहिष्कार सोसला. म्हणजे स्त्रीचे शरीर बाळंतपणात कसे संपून जाते आणि रूढीविरुद्ध वागणाऱ्या माणसाला समाज कशी वागणूक देतो, हे दोन्ही धडे या मुलाला शाळेच्या वयातच घरात मिळाले. पुढे त्याने जे केले त्याचे सारे मूळ येथेच आहे असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि हे धडे तो विसरला नसावा, असे त्याच्या पुढील आयुष्यावरून वाटते.

पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ साली ते मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले. फर्ग्युसन कॉलेजातून १९०४ साली बी. ए. झाले. विषय गणित, म्हणजे वडिलांचाच. पुढे गणिताचे प्राध्यापक म्हणून त्यांनी नोकरी धरली आणि पहिले महायुद्ध संपल्यानंतर याच विषयाच्या उच्च अभ्यासासाठी ते पॅरिसला गेले. ते शेवटपर्यंत गणिती होते, वैद्यकाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. ही गोष्ट त्यांच्या विरोधकांनी त्यांच्याविरुद्ध वापरण्याजोगी होती आणि तिच्यात तथ्यही होते. परंतु आधार दाखवल्याशिवाय कोणतेही विधान मान्य करावयाचे नाही, हा गणिती बाणा त्यांनी सामाजिक प्रश्नांनाही लावला. धर्म काय सांगतो, रूढी काय सांगते, यापेक्षा प्रत्यक्षात काय घडते हे ते विचारीत.

प्रत्यक्षात काय घडत होते ते समजल्याशिवाय रघुनाथरावांच्या कार्याचे मोल कळणार नाही. म्हणून त्या काळच्या वैद्यकाकडे थोडे वळू या.

आपल्याकडे लोक ज्याला परमा म्हणतात तो रोग आणि ज्याला गरमी किंवा उपदंश म्हणतात तो रोग, हे त्या काळचे दोन मुख्य गुप्तरोग. परम्याचे जंतू १८७९ साली अल्बर्ट नायसर या जर्मन शास्त्रज्ञाने शोधले. उपदंशाचे जंतू १९०५ साली शाउडिन आणि हॉफमान यांनी बर्लिन येथे पाहिले. १९०६ साली वासरमान यांची रक्ततपासणी निघाली आणि १९१० साली एर्लिख यांचे साल्व्हर्सान हे सोमलयुक्त औषध बाजारात आले. म्हणजे रघुनाथराव ऐन तारुण्यात असताना हे रोग देवाच्या कोपाच्या यादीतून निघून जंतूंच्या यादीत गेले होते. शास्त्राने आपले काम केले होते, पण समाजाने ते ऐकले नव्हते.

या रोगांची पुरुषातील वाटचाल आणि स्त्रीमधील वाटचाल सारखी नसते, हा यातला कळीचा मुद्दा. पुरुषाला परमा झाला म्हणजे बहुधा काही दिवसांतच लघवीला आग होते, पू येतो, आणि तो लपतछपत का होईना औषध शोधू लागतो. स्त्रीच्या बाबतीत हाच रोग गर्भाशयाच्या मुखाशी घर करतो आणि निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक स्त्रियांत काही लक्षणच दाखवत नाही. दाखवलेच तर ते अंगावरून पांढरे जाणे, कंबर दुखणे, ओटीपोटात कळ येणे अशा स्वरूपात. या तक्रारी बायकांच्या कपाळी लिहिलेल्याच आहेत असे घरातली वडीलधारी बाईच सांगते. तोवर जंतू वर चढून गर्भनलिकांपर्यंत पोहोचतात. नलिका सुजतात, चिकटतात, बंद होतात आणि मूल होणे कायमचे थांबते. मग त्या बाईला वांझ म्हणतात. नवस होतात, उपास होतात, शेवटी सवत घरात येते. जो पुरुष हा रोग घेऊन आला त्याची तपासणी मात्र कोणी करीत नाही.

उपदंशाचीही तीच कथा. त्याचा पहिला व्रण दुखत नाही. स्त्रीमध्ये तो आतल्या बाजूस असला तर तिला किंवा दुसऱ्या कोणाला तो दिसतही नाही. व्रण आपोआप भरून येतो आणि रोग रक्तात राहतो. पुढे गर्भपातामागून गर्भपात होतात, मेलेली मुले जन्मतात, जगलेले मूल रोग घेऊनच जगात येते. परम्याची लागण झालेल्या आईच्या पोटी जन्मलेल्या बाळाचे डोळे पहिल्या काही दिवसांतच पुवाने भरतात आणि उपचार न झाल्यास ते आंधळे होते. लाइपझिगच्या क्रेडे यांनी १८८० सालापासून नवजात बालकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालण्यास आरंभ केला आणि अशा अंधत्वाचे प्रमाण झपाट्याने खाली आले. किती साधा उपाय! पण तो करण्यासाठी बाळंतपणाच्या खोलीत ते थेंब आणि ते ज्ञान, दोन्ही असावी लागतात.

नवऱ्याचा बरा झालेला वाटणारा रोग बायकोला आजारी करतो, हे सांगणाऱ्यालाही प्रथम हसेच सोसावे लागले होते. न्यूयॉर्क येथे व्यवसाय करणारे जर्मन डॉक्टर एमिल नोगराथ यांनी १८७२ साली स्त्रियांमधील सुप्त परम्याविषयी पुस्तक लिहिले. लग्नापूर्वी वर्षानुवर्षे आधी झालेला पुरुषाचा परमा नववधूला पोहोचतो आणि तिचे दुखणे व वंध्यत्व त्यातून निघते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या व्यवसायबंधूंनी त्यांची टर उडवली. सात वर्षांनी नायसरने जंतू शोधल्यावर त्यांचे म्हणणे हळूहळू पटू लागले. पॅरिससारख्या मोकळ्या समजल्या जाणाऱ्या शहरातही ब्रिये या नाटककाराने लग्न आणि उपदंश या विषयावर लिहिलेल्या नाटकावर १९०१ साली सरकारी परीक्षकांनी बंदी घातली होती. रघुनाथराव त्याच शहरात शिकून आले. या विषयावर युरोपातही तोंड उघडावे लागले होते आणि उघडल्यावर काही बदल घडला होता, ही माहिती तिथल्या ग्रंथांतून त्यांना मिळणे सहज शक्य होते. फ्रेंच भाषा येत असल्यामुळे तिकडचे या विषयावरील लेखन ते थेट वाचीत.

आता हिंदुस्थानात पाहा. सरकारला गुप्तरोगांची चिंता नव्हती असे नाही, पण ती गोऱ्या सैनिकांपुरती होती. १८६८ च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याने वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू केली. रोगी ठरलेल्या स्त्रीला विशेष रुग्णालयात डांबून ठेवीत. तिच्याकडे जाणाऱ्या पुरुषाला मात्र या कायद्याचा हात लागत नसे. पुष्कळ टीकेनंतर १८८८ साली हा कायदा रद्द झाला. पण त्याने एक समज मागे ठेवला, तो असा की गुप्तरोग म्हणजे वेश्येचा रोग. घरातली पतिव्रता बाई त्यात कुठेच बसत नव्हती. जिला हा रोग होऊच शकत नाही असे समाजाने ठरवले, तिची तपासणी कोण आणि कशासाठी करणार?

तपासणी करणारी माणसेही थोडी होती. पुरुष डॉक्टरपुढे आपले दुखणे उघडे करण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायका त्या काळी घरोघरी होत्या. मुंबईत केवळ स्त्रियांसाठी कामा रुग्णालय १८८६ साली सुरू झाले. बालविवाहाविरुद्ध न्यायालयात लढलेल्या डॉ. रखमाबाई विलायतेत वैद्यक शिकून आल्या आणि १८९५ पासून सुरतेस स्त्रियांच्या रुग्णालयात दीर्घकाळ काम करीत राहिल्या. अशा डॉक्टरणी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. शिवाय तपासणी झाली तरी उपचार सोपे नव्हते. साल्व्हर्सान आणि त्याच्या जातीच्या औषधांची इंजेक्शने आठवड्याला एक याप्रमाणे, मधून मधून बिस्मथ किंवा पाऱ्याच्या औषधांची जोड देत, वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ घ्यावी लागत. ती विषारी होती, महाग होती, आणि वरचे व्रण बुजले की रोगी अर्ध्यावरच उपचार सोडून देई. स्त्रीच्या परम्यावर तर खात्रीचे औषधच नव्हते. जंतुनाशक पाण्याने धुणे, विश्रांती घेणे आणि वाट पाहणे, एवढेच हाती होते.

ज्या रोगावर उपाय दुबळा, त्याबाबत बचाव हाच खरा उपाय ठरतो. रघुनाथरावांनी नेमका हा मुद्दा पकडला. १९२१ साली मुंबईत त्यांनी संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र त्याच वर्षी निघाले होते, यावरून रघुनाथरावांचे पाऊल काळाच्या किती पुढे होते ते ध्यानात येईल. पत्नी मालतीबाई यांची त्यांना साथ होती. या उभयतांनी स्वतः मूल होऊ न देण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतला होता आणि तो पाळला. संततिनियमनाचा विचार व आचार सांगणारे त्यांचे पुस्तक १९२३ साली निघाले आणि त्याच सुमारास गुप्तरोगांपासून बचाव या विषयावरही त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले.

या दुसऱ्या पुस्तकाच्या नावातच त्यांची दृष्टी आहे. गुप्तरोग ही पापाची शिक्षा मानली तर तिच्यापासून बचाव करणे हेही पापच ठरते. शिक्षा चुकवणारा तो गुन्हेगार! पण तो एक सांसर्गिक रोग मानला, तर पटकी किंवा विषमज्वर यांच्यापासून जसे आपण पाणी उकळून स्वतःला वाचवतो तसेच येथेही वाचवले पाहिजे. नीती आणि आरोग्य हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे त्यांचे सूत्र होते. नवरा कुठे गेला होता याचा निवाडा समाजाने हवा तर करावा, परंतु त्याच्या बायकोच्या गर्भाशयाला त्या निवाड्याची वाट पाहता येत नाही. रोग पसरवणाऱ्या जंतूला पतिव्रता आणि वेश्या यांतला फरक कळत नाही. मग जी निरपराध आहे तिला अज्ञानात ठेवून कोणती नीती साधते? रघुनाथरावांच्या कार्यातून हा प्रश्न सारखा पुढे येतो.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. संततिनियमनासाठी पुरुषाने वापरावयाचे रबरी साधन हेच गुप्तरोगांपासूनही रक्षण करते. म्हणून रघुनाथरावांच्या दृष्टीने हे दोन विषय वेगळे नव्हतेच. नको असलेले गर्भारपण आणि नको असलेला रोग, दोन्ही स्त्रीच्या वाट्याला तिच्या संमतीशिवाय येतात आणि दोन्हींपासून तिची सुटका एकाच ज्ञानाने होते. स्त्रीलाही पुरुषाइतकीच कामेच्छा असते आणि तिलाही सुखाचा तितकाच अधिकार आहे, असे ते उघडपणे मांडीत. हे मत लोकांना सर्वांत जास्त झोंबले. स्त्रीची दया करणारे सुधारक पुष्कळ होते, पण तिला अधिकार आहे असे म्हणणारे फार थोडे.

या प्रचाराची किंमत लवकरच मोजावी लागली. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणित शिकवीत होते. त्यांचे हे जाहीर कार्य मिशनरी चालकांना रुचले नाही. कार्य सोडा किंवा नोकरी सोडा, असा प्रसंग आला आणि १९२५ साली रघुनाथरावांनी नोकरी सोडली. प्राध्यापकाचा पगार गेला. पुढील आयुष्य काटकसरीतच गेले. आजच्या प्राध्यापक वाचकांनी या घटनेवर क्षणभर थांबावे असे वाटते. गणित शिकवण्यात काही उणे होते म्हणून नव्हे, तर वर्गाबाहेर खरे बोलले म्हणून ही नोकरी गेली.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि ते मृत्यूपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, चालवले. लेखन, संपादन, पत्रव्यवहार, मुद्रितांची तपासणी, सारे बहुतेक एकहाती. मासिकाचा खप बेताचाच होता. जाहिरातदार जवळ येत नसत. मुखपृष्ठावरील नग्न चित्रांमुळे सभ्य घरांत ते उघड्यावर ठेवले जात नसे. परंतु त्यातला एक भाग असा होता की ज्यासाठी वाचक अंकाची वाट पाहत, आणि तो म्हणजे वाचकांच्या प्रश्नांना संपादकांची उत्तरे. जे प्रश्न घरात विचारता येत नाहीत, वैद्याजवळ विचारण्याची लाज वाटते, मित्राजवळ विचारले तर चुकीचे उत्तर मिळते, ते प्रश्न लोक या मासिकाकडे लिहून पाठवीत. रघुनाथराव त्यांना थोडक्यात, कोरडेपणाने, कोणालाही न हिणवता उत्तर देत. भिंतीभिंतींवर गुप्तरोगांच्या रामबाण औषधांच्या जाहिराती रंगवण्याची आपल्याकडील रीत जुनी आहे. भोंदूंच्या त्या बाजारात खरी माहिती देणारा हा एक कोपरा होता.

तो कोपराही सुखाने चालू दिला गेला नाही. व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल १९३१ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला होऊन शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला भरला गेला आणि या वेळी आक्षेप वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरच होता. रघुनाथरावांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. विषय लैंगिक आहे एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही, आणि वाचक प्रश्न विचारतात तर त्यांना ज्ञान देणे हा गुन्हा नव्हे, अशी त्यांच्या युक्तिवादाची दिशा होती. खटला हरला आणि दोनशे रुपये दंड भरावा लागला. मासिकाच्या तुटपुंज्या जमाखर्चात हा आकडा लहान नव्हता. परंतु पुढचा अंक निघाला. बाबासाहेबांनीही हा विषय सोडला नाही. १९३८ साली मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पक्षातर्फे रोहम यांनी मांडला. तो फेटाळला गेला.

चरित्रलेखनात केवळ गुणगान असू नये. रघुनाथरावांच्या विचारांना मर्यादा होत्या. त्या काळच्या युरोपातील अनेक विद्वानांप्रमाणे सुप्रजाजननाच्या कल्पनांचा त्यांच्यावर प्रभाव होता. कोणाला मुले व्हावीत आणि कोणाला नकोत हे शास्त्राने ठरवावे, या विचाराचे भीषण परिणाम पुढे जर्मनीत जगाने पाहिले. शहरी, शिकलेल्या, वाचू शकणाऱ्या वर्गापुरतीच त्यांच्या मासिकाची धाव होती. ज्या स्त्रीला या ज्ञानाची सर्वांत अधिक गरज, तिला अक्षरओळखच नव्हती. शिवाय लेख लिहून बचाव सांगता येतो, पण स्त्रीची तपासणी लेखाने होत नाही. तिला मेजावर निजवून, आतून पाहून, नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो. ते काम गणिताच्या प्राध्यापकाचे नव्हते. त्यांनी दार ठोठावले असे म्हणावे, आत जाण्याचे काम वैद्यकाने करावयाचे होते.

आणि वैद्यक खरोखरच पुढे सरकले. १९३० नंतरच्या दशकात सल्फा औषधे आली आणि परमा गोळ्यांनी बरा होऊ लागला. १९४३ साली अमेरिकेत महोनी यांनी पेनिसिलीनने उपदंश बरा होतो हे दाखवले. दीड-दोन वर्षांची विषारी इंजेक्शने जाऊन काही दिवसांचा उपचार आला. रघुनाथरावांच्या हयातीतच हे घडले. आता औषध नाही ही सबब उरली नव्हती. उरली होती ती फक्त लाज.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथरावांचे निधन झाले. वडील अण्णासाहेब तेव्हा हयात होते आणि त्यांना पुढे नऊ वर्षांचे आयुष्य लाभले. नोव्हेंबर १९५३ चा अंक निघून ‘समाजस्वास्थ्य’ थांबले. गंमत अशी की त्याआधीच, १९५२ साली, भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला होता. ज्या विचारासाठी एका प्राध्यापकाला नोकरी सोडावी लागली तोच विचार सरकारी धोरण झाला. १९६८ साली ‘निरोध’ गावोगावच्या किराणा दुकानांत स्वस्तात मिळू लागला. त्यांच्या कार्यात सहभागी असलेल्या शकुंतलाबाई परांजपे यांना या क्षेत्रातील सेवेबद्दल पुढे पद्मभूषण मिळाले.

परंतु कुटुंबनियोजनाला सरकारी आसन मिळाले तरी रघुनाथरावांचा दुसरा विषय मागेच राहिला. मुले किती हे मोजले गेले, आईचे दुखणे मोजले गेले नाही. ते किती मोठे आहे हे जगापुढे आले १९८९ साली, आणि तेही महाराष्ट्रातूनच. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग आढळला. आधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. तक्रार नसलेल्या स्त्रियांमध्येही रोग सापडला. नोगराथ यांनी १८७२ साली जे सांगितले, रघुनाथरावांनी ज्याच्यापासून बचाव शिकवला, तेच दुखणे गडचिरोलीच्या जंगलात तसेच बसून होते. या अभ्यासाने जगभरच्या आरोग्ययोजनांना स्त्रीच्या या दुखण्याकडे वळून पाहणे भाग पाडले.

आज निदानाची साधने पुष्कळ पुढे गेली आहेत. गर्भवतीच्या रक्ताची एक साधी तपासणी उपदंश ओळखते आणि सुरुवातीच्या अवस्थेत पेनिसिलीनचे एक मोठे इंजेक्शन आई व बाळ दोघांना वाचवू शकते. परम्याच्या बाबतीत स्त्रीच्या स्रावाचा डाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर निम्म्याच रोगिणी सापडतात. म्हणून जंतूंचे जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या चाचण्या अधिक भरवशाच्या मानतात. क्लॅमिडिया हा आणखी एक जंतू बहुसंख्य स्त्रियांत गुपचूप राहून गर्भनलिका निकामी करतो, हेही आता कळले आहे. सरकारी दवाखान्यांसाठी लक्षणांवरून रंगवार औषधांच्या पुड्या ठरवण्यात आल्या: पांढऱ्या पाण्यासाठी हिरवी, ओटीपोटातील दुखण्यासाठी पिवळी, असे. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी ही योजना उपयोगी खरी, पण जिला लक्षणच नाही तिला ती पुडी कशी पोहोचणार? आणि परम्याच्या जंतूंनी पेनिसिलीनला केव्हाच दाद देणे सोडले आहे, तेव्हा दुकानातून स्वतः औषध आणून घेणे धोक्याचेच.

या सगळ्या प्रगतीत एक जुना नियम मात्र बदललेला नाही. स्त्रीवर उपचार करून नवऱ्याला सोडून दिले तर रोग परत येऊ शकतो. दोघांनी एकाच वेळी तपासून घ्यावे, दोघांनी औषध पुरे करावे, तोवर संबंध टाळावा. एवढी साधी गोष्ट घडण्यासाठी आधी बायकोने नवऱ्याजवळ आणि नवऱ्याने डॉक्टरजवळ बोलावे लागते. यंत्राला ते जमत नाही आणि औषधालाही नाही.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळांची लग्ने येत्या काही वर्षांत होतील. पत्रिका पाहिल्या जातील, देण्याघेण्याच्या याद्या होतील. रक्त तपासून घेण्याचे नाव कोणी काढील काय? काढले तर त्याला संशयी म्हणतील, आणि तिने काढले तर तिला निर्लज्ज म्हणतील. ज्या दिवशी असे म्हणणारे कोणी उरणार नाही, त्या दिवशी गुप्तरोग या शब्दातील पहिली दोन अक्षरे गळून पडतील आणि नुसता रोग उरेल. रोग बरा करता येतो. रघुनाथराव कर्वे यांनी नोकरी, पैसा आणि लौकिक खर्ची घालून एवढीच गोष्ट मराठी माणसाच्या गळी उतरवण्याचा प्रयत्न केला. त्यांचे पुरते ऐकण्याचे काम अजून शिल्लक आहे.